ळवरून सांग

भेंड्या खेळताना ‘वादळ’ म्हणायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. समोर बरोबरीचं माणूस असेल तर खुशाल म्हणावं आणि त्याची पंचाईत बघत बसावं. पण समोर पावणेसहा वर्षांची भाची असताना शब्द ‘ळ’वर नेऊन ठेवणं ही लबाडीच. त्या दिवशी लबाडीही नव्हती, नुसतं लक्ष नव्हतं. ताई आत तपासणीला गेली होती आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. फिनेलचा वास, आतबाहेर झुलणारं दार, आणि ते हललं की माझी मान तिकडे. भाचीने ‘पिशवी’ म्हटलं, मी दाराकडे बघतच ‘वादळ’ म्हणून टाकलं. बाकाखाली झुलणारे तिचे पाय थांबले. ‘ळ,’ ती स्वतःशी म्हणाली. तोंड जरासं उघडं, जीभ मागे वळवून टाळूला लावलेली. मला ती दिसत होती, गुलाबी, काळोखात भिंत चाचपत जावं तशी टाळूवरून सरकणारी. ळ, ळा, ळी. बराच वेळ गेला. मग एकदम तोंडभर हसून म्हणाली, ‘ळूळू!’

‘ळूळू म्हणजे काय?’

‘ते मी अजून ठरवलं नाहीये.’

‘अगं, असा शब्द नसतो.’

एवढंच बोलले. आवाज चढलेला नव्हता, रागावले तर मुळीच नव्हते. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, ‘बरं’ म्हणाली आणि समोरच्या फरशा मोजायला लागली. एक काळी, एक पांढरी, मग पुन्हा एक काळी. ताई बाहेर येईपर्यंत तिने त्या फरशा तीनदा मोजल्या असतील.

माझा धंदाच तसा आहे. मी प्रुफं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या शब्दांवरून नजर फिरवायची, ऱ्हस्वाचं दीर्घ करायचं, हरवलेला अनुस्वार डोक्यावर ठेवायचा, आणि जो शब्द नाहीच त्याखाली बारीकशी रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह टाकायचं. ‘असा शब्द नसतो’ हे वाक्य माझ्या तोंडून शिंकेसारखं येतं. लेखकांना आता त्याची सवय आहे. काही भांडतात, आपल्या आजोळी असंच म्हणतात म्हणून सांगतात. काही निमूट मान्य करतात. पण पावणेसहा वर्षांच्या माणसाने निमूट मान्य केलेलं बघून मला बरं वाटलं नाही. भांडली असती तर परवडलं असतं. घरी आल्यावर भांडी विसळताना, रात्री दिवा मालवताना ते ‘बरं’ पुन्हा पुन्हा कानाशी येत राहिलं. ताईची तपासणी ठीक निघाली होती, काळजीचं काही उरलं नव्हतं, आणि मला सलत काय होतं, तर एक ळूळू.

आणि मी बरोबर होते, हीच तर अडचण. मराठीत ळने सुरू होणारा शब्द नाही. बाळ, वेळ, काळ, आभाळ. इतकंच काय, ‘खेळ’ या शब्दातही ळ आहे, पण शेवटी. मध्ये असतो, शेवटी असतो, पुढे कधी नाही. रात्री पडल्यापडल्या मी शोधत बसले. दीड वाजता ‘ळकार’ सापडला आणि मी अंथरुणात उठून बसले. पण ते म्हणजे अक्षराने स्वतःच्याच नावाची पाटी गळ्यात अडकवून घेणं. त्याला शब्द म्हणून पुढे करणं माझ्याच जिवावर आलं. ‘ण’चं जरा तरी बरं आहे. आज मराठीत तोही शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, पण प्राकृतात त्याचे चांगले दिवस होते, ‘णमो’ म्हणताना तो ऐटीत सगळ्यांच्या पुढे उभा असतो. ळ मात्र ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत हजर आहे, ‘अग्निमीळे पुरोहितं’, आणि तिथेही मधेच, अंग चोरून. एवढं जुनं अक्षर, आणि रांगेत पहिला नंबर एकदाही लागू नये! हे असं वाटणं बालिश आहे, मला कळतं. पण रात्री दीड वाजता सगळंच थोडं बालिश वाटतं.

भेंड्या खेळणाऱ्यांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या एक पळवाट ठेवली आहे. ळ आला की ल घ्यायचा, ण आला की न घ्यायचा, आणि पुढे चालू लागायचं. जपानमध्ये भेंड्यांसारखाच एक खेळ आहे, शिरितोरी, म्हणजे साधारण ‘शेवट धरणं’. तिथेही असंच एक अडचणीचं अक्षर आहे, सुटा न्. त्याने जपानी शब्द सुरू होत नाहीत. पण त्यांनी सवलत ठेवली नाही. ज्याच्या तोंडून त्या अक्षराने संपणारा शब्द जाईल तो हरला, डाव खलास. त्या नियमाने मी त्या दिवशी ‘वादळ’ म्हणताक्षणीच बाद झाले असते, आणि ते योग्यच झालं असतं. आपण समजूतदार माणसं, आपण ल देतो. भाचीला ही सवलत ठाऊक होती. तिने याआधी चार वेळा तरी ळच्या जागी ‘लाटणं’ आणि ‘लांडगा’ ठेवलेला मला आठवतो. त्या दिवशी मात्र तिने ल मागितला नाही. मला वाटलं होतं की तिला नियम माहीत नाही म्हणून ती अडखळली. ती अडखळली नव्हतीच. ती सोपा रस्ता सोडून मुद्दाम बंद दाराकडे गेली होती, आणि दार उघडत नाही असं बघून तिने स्वतःच एक कडी बसवली होती.

हे मला दुसऱ्या दिवशी एका कंटाळवाण्या अहवालाची प्रुफं वाचताना कळलं. अहवालात ‘आढळ’ हा शब्द होता.

ती चारची असताना आमचा वेगळाच वाद व्हायचा. खेळ अगदी साधा. एकाने खोलीतली एखादी वस्तू मनात धरायची आणि म्हणायचं, ‘मला दिसतंय काहीतरी, पवरून.’ दुसऱ्याने ओळखायचं. मी पंखा धरला होता. तिने ‘पडदा’ म्हटलं, मी नाही म्हटलं. मग ती अडली, म्हणून मी मदत करायला गेले: ‘अगं, पुस्तक आहे, पाटी आहे, पिशवी आहे, किती तरी आहेत पवरून.’ तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. ‘पुस्तक पुवरून आहे, मावशी. पाटी पावरून आहे.’ मी तिला समजवायला लागले की पु म्हणजे पच, त्याला फक्त खाली उकार दिलाय. आता ज्या मुलीने अजून एक अक्षर गिरवलेलं नाही तिला ‘खाली’ म्हणजे काय कळणार? आवाजाला खाली-वर कुठून आलं? तिला पुस्तकातला पु अख्खा ऐकू येत होता, एका घासात. प वेगळा आणि उ वेगळा असं काही तिच्या कानात घडतच नव्हतं. मी मात्र वीस मिनिटं तिला चित्र काढून दाखवत होते. शेवटी ती म्हणाली, ‘तू लिहिलेलं खेळतेस.’

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. शब्द वेगळे होते, पण वाक्य तेच.

माझी आजी निरक्षर होती. पोस्टाच्या कागदावर अंगठा उठवायची आणि मग शाई जाईपर्यंत तो अंगठा पदराला पुसत राहायची. पण भेंड्यांत तिला कोणी हरवलेलं मी पाहिलं नाही. दिवे गेले की आम्ही दोघी पांघरूण ओढून बसायचो. अंधारात तिचा आवाज जरा जाड व्हायचा, आणि बांगड्यांच्या आवाजावरून ती विचार करतेय की शब्द सापडलाय ते मला कळायचं. ती कानाने खेळायची. मी ‘पाखरू’ म्हटलं की तिच्या वाट्याला ‘रू’ यायचा, र नाही. ‘रुमाल’ चालेल, ‘रुसवा’ चालेल, ‘रस्ता’ नाही. म्हणजे तिचा खेळ आमच्यापेक्षा किती तरी अवघड होता, आणि तरी ती जिंकायची. मी दुसरीत गेले, जोडाक्षरं वाचायला लागले आणि डोक्यात हवा गेली. एका रात्री मी तिला सांगितलं, ‘आजी, रू घ्यायचा नसतो, र घ्यायचा. मग राजा पण चालतो आणि रेघ पण.’ आजी म्हणाली, ‘र कुठून आणलास? मी तर ऐकला नाही.’ मग मी तिचा तळहात ओढून घेतला आणि त्या खरखरीत, भेगाळलेल्या हातावर बोटाने र काढला. र, मग रा, मग रू. ‘बघ, आत र आहे की नाही?’ आजीने हात तसाच धरून ठेवला. म्हणाली, ‘असेल बाई. तू शिकलेली.’

त्यानंतरही आम्ही खेळलो, बरीच वर्षं. पण त्यानंतर प्रत्येक शब्दानंतर ती थांबायची आणि विचारायची, ‘चालेल का गं?’

1979 मध्ये जोझे मोराइस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमध्ये शाळेचं तोंड न पाहिलेल्या प्रौढ माणसांना असाच एक खेळ दिला होता. शब्दाचा अगदी पहिला ध्वनी काढून टाका आणि उरलेलं म्हणून दाखवा, किंवा पुढे एक ध्वनी जोडा. त्यांच्यातल्या बहुतेकांना ते जमेना. त्याच परिसरातल्या, तशाच घरांतल्या पण मोठेपणी वाचायला शिकलेल्या माणसांना जमलं. ध्वनीचा तो सर्वांत बारीक तुकडा कानाला आपोआप सापडत नाही, लिपी तो दाखवते. मला हे कामानिमित्त एका हस्तलिखितात वाचायला मिळालं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा समासात प्रश्नचिन्ह न टाकता नुसतीच थांबले. आजी र ऐकला नाही म्हणत होती, कारण र तिथे नव्हताच. ती खोटं बोलत नव्हती आणि ती चुकतही नव्हती. तिच्या हातावर मी जे काढलं होतं ते आवाजाचं चित्र होतं, आवाज नव्हता. हे कळेपर्यंत आजीला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

तर लहान मुलांशी खेळताना मी आता ‘प’ म्हणत नाही. ‘पा’ म्हणते, ‘पु’ म्हणते, आणि तिथे थांबते. अक्षरं शाळेत यायची तेव्हा येतील, त्यांना घाई करायचं कारण नाही.

काही खेळ मला जास्त आवडतात, कारण त्यांत पंचच नसतो. पुस्तकबिस्तक हा त्यातला एक. त्याची सुरुवात माझ्या आवाज चढवण्यातूनच झाली. पसारा बघून मी ओरडले होते, ‘पुस्तकबिस्तक आवर आधी!’ पाच मिनिटांनी गंभीर चेहरा करून ती आली. ‘पुस्तक ठेवलं. बिस्तक सापडत नाहीये.’ आम्ही ते संध्याकाळभर शोधलं. पलंगाखाली बिंगारू सापडलं (कांगारू-बिंगारूमधलं, कान तुटलेलं), दारामागे बिप्पल सापडली, बिप्तर मात्र हरवलंच. मराठी माणसाच्या तोंडात ही ‘बि’ची अर्धी दुनिया सतत असते, चपलेबरोबर बिप्पल, खुर्चीबरोबर बिर्ची, पाऊसबिऊस, आणि आपण कधी त्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळून बघत नाही. ती बघते. एकदा तिने विचारलं, ‘बिछान्याचा कोण?’ मी बोलून बघितलं: बिछानाबिछाना. दोघी गप्प झालो. ‘बिछान्याला बिछानाच मिळाला,’ ती म्हणाली, आणि मग आम्हाला जे हसू सुटलं ते आवरेना. भाषेला आत एक भोक आहे आणि ते आपल्याला आपलं आपण सापडलंय, याचं ते हसू होतं. प्रुफं वाचताना असं मला कधी होत नाही.

मनात धरलेली वस्तू ओळखायचा खेळ तर मुलाच्या वयाप्रमाणे बदलत जातो, आणि ते बदलणं बघण्यासाठीच तो खेळावा असं माझं मत आहे. तीन-साडेतीनला ती डोळे मिटून म्हणायची, ‘मी मनात हत्ती धरलाय. ओळख!’ आपल्या मनात आहे ते समोरच्याला दिसत नाही, हे तिला पटायचं होतं. मी विचार केल्याचं सोंग करायचे, गाय म्हणायचे, मांजर म्हणायचे, शेवटी हत्ती म्हणायचे, आणि तिला दर वेळी खरोखरचं आश्चर्य वाटायचं. साडेचारला हत्ती लपवता यायला लागला. मग ती सगळ्याला ‘हो’ म्हणायची. उडतो का? हो. पाण्यात असतो का? हो. मऊ आहे का? हो. घरात असतो का? हो. मी हरले, काय धरलं होतंस? ‘सुरुवातीला चमचा होता,’ ती म्हणाली, ‘मग तू उडतो का विचारलंस.’ म्हणजे माझा प्रश्न ऐकून चमच्याला पंख फुटले होते. इथे मोठी माणसं हमखास ‘असं बदलायचं नसतं’ म्हणतात. मीही म्हटलंय. आता वाटतं, बदलू द्यावं. काही महिन्यांत ती स्वतःच मला पकडते, ‘मावशी, तू बदललंस!’ म्हणून. बहुतेक वेळा मी बदललेलं असतंच.

पिशवीच्या खेळात मी खरी हरते, सोंग नाही. ‘मी प्रवासाला निघाले आणि पिशवीत भरली छत्री.’ पुढचा म्हणतो, छत्री आणि कात्री. मग छत्री, कात्री आणि हत्ती. वाढत जातं. सहा-सात वस्तूंनंतर माझी गाडी घसरते, कारण मी शब्द लक्षात ठेवते. एकाखाली एक, ओळीने, यादीसारखे. ती शब्द लक्षात ठेवतच नाही. तिची पिशवी खरी पिशवी असते. हत्ती छत्रीवर बसलेला असतो, म्हणून छत्री मोडलेली असते, म्हणून कात्री लागते. मी ‘चंद्र’ टाकला तर ती विचारते, ‘कुठे ठेवू?’ जागा सांगितल्याशिवाय घेत नाही. हा प्रश्न मी कधी कोणत्या शब्दाला विचारला नव्हता.

आणि जीभ अडखळवणारी वाक्यं. ‘चटईला टाचणी टोचली’ भरभर पाच वेळा म्हणायचं असलं की वय, शिक्षण, शुद्धलेखन सगळं गळून पडतं. तिसऱ्या फेरीला टाचणीला चटई टोचलेली असते. ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यांत राळे मिसळले’ हे तिला तीन वर्षांची असताना मी शिकवलं तेव्हा तिच्याकडे ळ नव्हता. काले लाले गोले लाले, असा सगळा ‘ल’च ‘ल’. बाळाला ती ‘बाल’ म्हणायची. मी लाडाने तिच्यासारखं ‘बाल’ म्हटलं की मात्र भडकायची. ‘बाल नाही. बाल!’ म्हणजे कानाला ल आणि ळ केव्हाच वेगळे ऐकू येत होते, फक्त जिभेचं वळण यायचं बाकी होतं. गालाला गाळ म्हणून बघा, तीन वर्षांचं पोरही हसतं. मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या दोघांनी 1960 मध्ये एका इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची अशीच गोष्ट लिहून ठेवली आहे. तो माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचा आणि मोठ्या माणसाने ‘फिस’ म्हटलं की चिडायचा. मग एक दिवस, दात घासताना, आरशात बघत भाचीच्या तोंडून ळ आला. फेसाच्या बुडबुड्यांतून. ती तो आठवडाभर मिरवत होती, नको तिथेही लावत होती: ‘मळा पाणी दे’, ‘चळ जाऊ’. मला वाटतं ळचं आणि तिचं तेव्हापासून काहीतरी आहे. इतक्या उशिरा, इतक्या कष्टाने मिळालेलं अक्षर. ते कुठेच पुढे येत नाही हे तिला खपलं नसणार.

आठ-दहा दिवसांनी ताईचा फोन आला. दुसरंच काही बोलत होतो आम्ही. मागे भाचीचं एकटीचं बोलणं चालू होतं, मुलं खेळताना करतात तसं, अर्धं गुणगुणणं अर्धी दटावणी. मला मधले मधले तुकडे ऐकू येत होते. ‘... ळुळाला थंडी वाजतेय ... नाही, सगळी ळुळं इकडे या ... ळुळांना आता झोपायचंय ...’ मी ताईला म्हटलं, एक मिनिट थांब. ताई म्हणाली, अगं ते काय तरी नवीन काढलंय तिने, दिवसभर तेच चाललंय, रुमालाची गाठ मारून केलेलं आहे काहीतरी. पण मी ताईचं ऐकत नव्हते. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो मायेचा नव्हता, धंद्याचा होता. ळूळू, ळुळाला, ळुळं, ळुळांना. पाखरू, पाखराला, पाखरं, पाखरांना. ऊकारान्त नपुंसकलिंगी! वासरू, कोकरू, लेकरू, पिल्लू यांच्या रांगेत तिने आपलं ळूळू नेऊन उभं केलं होतं. शेवटचा ऊ गेला, मधला दीर्घ ऱ्हस्व झाला, डोक्यावर अनुस्वार आला. मी तपासलं असतं तर एकही खूण करायची जागा नव्हती. (‘ळुळवं’ही चाललं असतं, आसू-आसवंसारखं. पण पिल्लांच्या वळणाचं केलं ते जास्त बरोबर, कारण ते पिल्लू आहे.)

‘फिस’ची गोष्ट लिहिणाऱ्या याच जीन बर्कोने तिच्या दोन वर्षं आधी, 1958 मध्ये, अमेरिकेतल्या चार ते सात वर्षांच्या मुलांना एका विचित्र पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र दाखवलं होतं. हा वग. आता आणखी एक आला. आता हे दोन काय? वग हा शब्द जगात नव्हता, कोणी त्यांना शिकवलेला असणं शक्यच नव्हतं. मुलांनी बिनदिक्कत ‘वग्ज’ म्हणून सांगितलं. मी हे पूर्वी वाचलं होतं आणि हुशार प्रयोग म्हणून पुढे गेले होते. त्या प्रयोगात शब्द निदान मोठ्या माणसाने बनवून दिला होता. इथे माझ्या नाकावर टिच्चून शब्दही तिनेच केला, लिंगही तिनेच दिलं, विभक्तीही तिनेच चालवली, आणि मी तिला बाकावर बसून सांगितलं होतं की असा शब्द नसतो.

आजीने असे किती शब्द केले असतील आणि ‘चालेल का गं’ म्हणून माझ्याकडे बघून परत गिळले असतील, हे मी त्या रात्री मोजायला गेले. एकही आठवला नाही. आठवणार कसा?

गेल्या रविवारी ती आमच्याकडे होती. तिची नखं कापायची होती, आणि नखं कापताना ती एका जागी बसावी म्हणून खेळावं लागतं. मांडीवर उशी, उशीवर तिचा हात. ओल्या बोटांना साबणाचा वास. अंगठ्यापासून सुरुवात केली. दोर, रान, नदी, दिवा, वारा. मधल्या बोटापर्यंत बरं चाललं होतं. मग मी ‘पालवी’ म्हटलं आणि तिने, माझ्या चेहऱ्याकडे नीट बघत, एकेक अक्षर सुटं करत म्हटलं, ‘वा-द-ळ.’

नेलकटर हवेत राहिला. ल मागावा असं एकदा मनात आलं. मग जीभ मागे वळवली, टाळूला लावली. ळ. चाळीस वर्षं मराठीत काढली, पण तोंडात नुसता ळ धरून मी कधी बसले नव्हते. फार जड असतो तो. पुढे जाववत नाही.

‘ळपाक,’ मी म्हटलं.

ती हसली नाही. हात काढूनही घेतला नाही. तिने तो शब्द नीट तपासायला घेतला, हे तिच्या भुवयांवरून दिसत होतं. ‘तो ळपाक, ती ळपाक, का ते ळपाक?’

मला काही सुचेना.

‘आणि खूप असले तर?’

‘ते मी अजून ठरवलं नाहीये.’

‘मग अजून नाही झाला शब्द,’ ती म्हणाली आणि करंगळी पुढे केली. ‘असू दे. तू ल घे.’